इंग्रजी वेळ आणि आपली वेळ

आता तुम्ही मराठी वाचू लागलात. बाराखडी झाली, जोडाक्षरे झाली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस तुम्ही कुणाला न विचारता वाचता. मग कुणी म्हणेल, "गुरुजी, आता इंग्रजी शब्द कशाला? आम्हाला काय विलायतेला जायचं आहे?"

विलायतेला जायचे नाही, हे खरे. पण विलायतेचे शब्द आपल्या घरी येऊन बसले आहेत, त्याला काय करणार? रेल्वेच्या तिकिटावर ते आहेत. औषधाच्या चिठ्ठीवर आहेत. बँकेच्या कागदावर आहेत. हातातल्या मोबाइलवरही आहेत. त्यांतले सर्वांत जास्त कामाचे शब्द म्हणजे वेळेचे. दुसरा एखादा शब्द चुकला तर लोक हसतील, एवढेच. पण वेळेचा शब्द चुकला तर गाडी चुकते, मुदत टळते, औषध भलत्या वेळी पोटात जाते. म्हणून हा धडा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द लावला की काम झाले, असे नाही. शेताचे बांध जसे गावोगाव वेगळे, तसे दिवसाचे बांधही भाषेभाषेत वेगळे असतात. इंग्रजी शब्दाचा बांध कुठे आहे, ते आपण पाहायचे. या धड्यात एवढेच शिकायचे आहे.

जिथे बांध एकच आहे

सोप्यापासून सुरुवात करू. वारांची नावे घ्या. 'संडे' म्हणजे सूर्याचा दिवस, तोच आपला रविवार. 'मंडे' म्हणजे चंद्राचा दिवस, तोच सोमवार. 'सॅटर्डे' शनीच्या नावाचा, तोच शनिवार. देश वेगळा, भाषा वेगळी, पण वार तेच. इथे घोटाळा नाही.

पाव, अर्धा आणि पाऊण यांचा हिशोबही जवळ जवळ सारखा आहे. सव्वाचारला इंग्रजीत 'क्वार्टर पास्ट फोर' म्हणतात. साडेचारला 'हाफ पास्ट फोर'. पावणेपाचला 'क्वार्टर टु फाइव'. 'क्वार्टर' म्हणजे पाव आणि 'हाफ' म्हणजे अर्धा. 'पास्ट' म्हणजे होऊन गेले. 'टु' म्हणजे व्हायला कमी. पावणेपाच म्हणताना आपण जसे पुढच्या पाचाचे नाव घेतो, तसेच तेही घेतात. आपल्या दीड आणि अडीचला मात्र त्यांच्या घड्याळात वेगळा शब्द नाही. दीड वाजले तर 'हाफ पास्ट वन' आणि अडीच वाजले तर 'हाफ पास्ट टू', असेच म्हणावे लागते.

या 'टु'ची एक गंमत आहे. कुणी विचारले, किती वाजले? उत्तर आले, 'टेन टु फाइव'. म्हणजे पाचला दहा मिनिटे कमी. पण हेच शब्द कचेरीच्या पाटीवर कामाच्या वेळेपुढे असले, तर अर्थ होतो दहापासून पाचपर्यंत. शब्द तेच, अर्थ निराळा. म्हणून शब्द कुठे लिहिला आहे, तेही पाहावे.

दिवस केव्हा सुरू होतो?

आता खरा बांध येतो. आपला वार सूर्य उगवला की सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की संपतो. पंचांगातही तसेच आहे. सोमवारी रात्री दीड वाजता मूल जन्मले, तर घरातली आजी काय म्हणेल? "सोमवारी रात्री झालं." तिच्या हिशोबाने ते बरोबरच आहे.

पण सरकारी कागदावर इंग्रजी रीत चालते. त्या रीतीने दिवस मध्यरात्री बारा वाजता बदलतो. बारा वाजून एक मिनिट झाले की मंगळवार लागला आणि तारीखही बदलली. म्हणून त्या मुलाच्या जन्मदाखल्यावर मंगळवारची तारीख पडते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. ती देताना रात्री बारानंतरचा जन्म असेल तर पुढची तारीख सांगावी. नाही तर दवाखान्याच्या कागदावर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी, असे होते. मग शाळेत नाव घालताना फेऱ्या सुरू होतात.

रेल्वेचे तर सगळेच या रीतीवर चालते. समजा, तिकिटावर तारीख आहे १५ आणि वेळ आहे ००:२५. ही वेळ म्हणजे मध्यरात्र होऊन २५ मिनिटे. ती १५ तारखेची अगदी सुरुवात आहे. तेव्हा १४ तारखेला रात्री जेवूनखाऊन स्टेशनवर जायला हवे. एखादा म्हणतो, "तिकीट पंधराचं आहे, पंधराच्या रात्री जाऊ." तो पोराबाळांना घेऊन १५ तारखेला रात्री अकरा वाजता स्टेशनवर पोचतो. त्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. आता येईल ती १६ तारखेची. तिकीट हातात असून त्याचा उपयोग नाही. भाडे गेले, आणि पुढे लग्न असो की मुलाखत, ते हुकले ते हुकलेच.

म्हणून हे पाठ करा : तिकिटावर वेळ ०० ने सुरू झाली, तर आदल्या रात्री घरातून निघावे. वेळ ०१, ०२ किंवा ०३ ने सुरू झाली, तरी तेच.

रेल्वेचे घड्याळ २४ तासांचे असते. दुपारी एकला तिथे १३ म्हणतात आणि रात्री अकराला २३. आकडा १३ किंवा त्याहून मोठा दिसला की त्यातून १२ वजा करावे. १७:४० मधून १२ गेले, उरले ५:४०. म्हणजे संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. वजाबाकी तुम्ही शिकला आहातच. ती इथे कामाला येते.

'एएम' आणि 'पीएम'

मोबाइलवर आणि दुकानाच्या पाटीवर मात्र बहुधा १२ तासांचे घड्याळ असते. पाच दिवसातून दोनदा वाजतात. मग सकाळचे कोणते आणि संध्याकाळचे कोणते? त्यासाठी आकड्यापुढे 'एएम' किंवा 'पीएम' लिहितात. हे शब्द मुळात लॅटिन भाषेतले आहेत. 'एएम' म्हणजे माध्यान्हीच्या आधी. 'पीएम' म्हणजे माध्यान्हीच्या नंतर. मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत 'एएम' आणि दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत 'पीएम', असा बांध आहे.

शेतीपंपाची वीज पहाटे चारला येणार असली, तर गजर 'फोर एएम'चा लावावा. 'पीएम'चा लावला तर तो दुपारी चारला वाजेल. तोवर वीज येऊन गेलेली असेल आणि पिकाचे पाणी तसेच राहील. गजर लावला की ती दोन अक्षरे एकदा पाहून घ्यावी.

बाराचा आकडा सर्वांत फसवा. चालू रीतीप्रमाणे 'ट्वेल्व्ह पीएम' म्हणजे दुपारचे बारा आणि 'ट्वेल्व्ह एएम' म्हणजे रात्रीचे बारा. यात शिकलेलेही गोंधळतात. म्हणून जाणते लोक दुपारच्या बाराला 'ट्वेल्व्ह नून' म्हणतात आणि रात्रीच्या बाराला 'मिडनाइट'. तुम्हीही तसेच म्हणा.

या 'नून'ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लॅटिनमधल्या 'नववा' अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला. जुन्या काळी रोमन लोक सूर्य उगवल्यापासून दिवसाचे तास मोजत. त्यांचा नववा तास म्हणजे आपले दुपारचे तीन. पुढे सरकत सरकत तो शब्द बारावर येऊन बसला. म्हणजे शब्दांचे बांधही काळाप्रमाणे हलतात. आपल्याकडे तरी काय? पूर्वी दिवसरात्र मिळून आठ प्रहर आणि साठ घटका मोजत. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. आता घटका मोजतो कोण? पण 'घटकाभर बसा' असे आपण अजून म्हणतोच.

सकाळ, संध्याकाळ, रात्र

'मॉर्निंग' म्हणजे सकाळ, असे सगळे सांगतात. पण इंग्रजी माणूस रात्रीच्या दोनला 'टू इन द मॉर्निंग' म्हणतो. आपली ती भर रात्र. त्याची तारीख बदलली आहे, म्हणून तो तसे म्हणतो. शहरातल्या मुलाचा निरोप आला, 'टू इन द मॉर्निंग'ला पोचतो, तर कंदील किंवा बॅटरी घेऊन रात्री दोनला फाट्यावर जावे. सकाळची वाट पाहू नये.

'इव्हनिंग'ही आपल्या संध्याकाळीपेक्षा लांब आहे. दिवेलागण झाली की आपली संध्याकाळ सरते. सात-आठ वाजले की आपण रात्र म्हणतो. इंग्रजीत आठलाही 'इव्हनिंग' म्हणतात. म्हणून रात्री आठ वाजता कुणी भेटले तर 'गुड इव्हनिंग' म्हणायचे, 'गुड नाइट' म्हणायचे नाही. 'गुड नाइट' हा निरोपाचा शब्द आहे. पाहुण्याला दारातच 'गुड नाइट' म्हटले तर त्याला वाटेल, आपल्याला जायला सांगतात.

'परवा' कोणता?

आपल्या 'परवा'ला दोन तोंडे आहेत. 'परवा आलो होतो' म्हटले की तो मागचा. 'परवा येईन' म्हटले की तो पुढचा. क्रियापदावरून आपल्याला कळते. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. मागच्या परवाला 'डे बिफोर यस्टरडे' म्हणजे कालच्या आधीचा दिवस. पुढच्या परवाला 'डे आफ्टर टुमारो' म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस. इथे इंग्रजी जास्त स्पष्ट आहे.

पण इंग्रजीतही घोळ आहेच. आज सोमवार आहे आणि कुणी 'नेक्स्ट फ्रायडे'ला या म्हणाले. हा चार दिवसांनी येणारा शुक्रवार, की त्याच्या पुढच्या आठवड्यातला? खुद्द इंग्रजांतही यावरून गैरसमज होतात. आपल्या 'पुढच्या शुक्रवारी'चेही तसेच आहे. अशा वेळी लाजू नये. सरळ विचारावे, "साहेब, तारीख कोणती?" तारीख कळली की वाद मिटला.

'फोर्टनाइट' हाही एक शब्द कागदावर येतो. आपण त्याला पंधरवडा म्हणतो. पण 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री, बरोबर दोन आठवडे. आपला पंधरवडा चंद्राच्या पंधरा तिथींवरून आला. फरक एका दिवसाचा. पण पैसे भरायचे असतील तर तो एक दिवसही महाग पडतो.

'पर्यंत' आणि 'पासून'

मराठीत आपण म्हणतो, "सोमवारपर्यंत अर्ज द्या." आणि म्हणतो, "सोमवारपर्यंत दवाखान्यात राहा." दोन्हीकडे 'पर्यंत'. इंग्रजीत इथे दोन शब्द आहेत. अर्ज एकदाच द्यायचा आहे, सोमवारी किंवा त्याच्या आधी कधीही. तिथे 'बाय मंडे'. दवाखान्यात सोमवार येईतो सलग राहायचे आहे. तिथे 'टिल मंडे'. एकदाच करायच्या कामाला 'बाय', चालू राहणाऱ्या कामाला 'टिल'.

'बिफोर मंडे' असे लिहिले असेल तर अधिक जपावे. त्यात सोमवार धरत नाहीत. रविवारी कचेरी बंद. म्हणजे शनिवारच्या आत काम उरकावे. शनिवारीही सुट्टी असेल तर शुक्रवारीच. 'ऑन ऑर बिफोर मंडे' असेल तर सोमवार धरला आहे. 'विदिन सेव्हन डेज' म्हणजे सात दिवसांच्या आत. 'आफ्टर सेव्हन डेज' म्हणजे सात दिवस झाल्यावर. नोटिशीत पहिला शब्द असतो, डॉक्टर पुन्हा बोलावतात तेव्हा दुसरा. दोन्हींत मोठे अंतर आहे.

'पासून'चेही असेच. 'तीन दिवसांपासून ताप आहे' याला 'फॉर थ्री डेज' म्हणावे. 'सोमवारपासून ताप आहे' याला 'सिन्स मंडे' म्हणावे. काळ मोजून सांगितला तर 'फॉर', सुरुवातीची खूण सांगितली तर 'सिन्स'. पुष्कळ शिकलेली माणसे 'सिन्स थ्री डेज' म्हणतात. ते बरोबर नव्हे.

आणखी तीन छोटे शब्द आहेत. घड्याळाच्या वेळेला 'ॲट' : पाच वाजता म्हणजे 'ॲट फाइव'. वाराला आणि तारखेला 'ऑन' : सोमवारी म्हणजे 'ऑन मंडे'. महिन्याला आणि वर्षाला 'इन' : जूनमध्ये म्हणजे 'इन जून'. आपणही 'पाच वाजता', 'सोमवारी' आणि 'जूनमध्ये' असे वेगवेगळे बोलतोच. तसेच हे.

औषधाच्या चिठ्ठीवर

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टर चिठ्ठीवर वेळ लिहितात ती थोडक्या अक्षरांत. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा. ही ओढायची विडी नव्हे, बरे का! 'टीडीएस' म्हणजे दिवसातून तीनदा. 'एचएस' म्हणजे झोपताना. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. कुणी डॉक्टर १-०-१ असे आकडे लिहितात. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

'वन्स अ डे' म्हणजे दिवसातून एकदा. 'वन्स अ वीक' किंवा 'वीकली' म्हणजे आठवड्यातून एकदा. हा फरक जिवाशी खेळणारा आहे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आठवड्याची गोळी रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. म्हणून गोळी घेण्याआधी विचारावे, रोज की आठवड्यातून? आणि वार कोणता? तो वार कॅलेंडरवर खूण करून ठेवावा.

पाकिटावर 'एक्सपायरी' असा शब्द असतो. म्हणजे औषधाची मुदत संपण्याची वेळ. तिथे नुसता महिना आणि वर्ष दिले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालते. पुढच्या महिन्याची पहिली तारीख लागली की घेऊ नये.

एवढे ध्यानात ठेवा

सगळे शब्द एका बैठकीत पाठ होणार नाहीत. घाई नाही. रोज एक शब्द घ्या. तिकीट, चिठ्ठी, पावती जे हाती येईल त्यावर तो शोधा. शंका आली तर तारीख विचारा, घड्याळाचा आकडा विचारा, आणि सकाळ की रात्र ते विचारा. हे तीन प्रश्न विचारणाऱ्याला कोणतीही भाषा फसवू शकत नाही. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता चुकीच्या दिवशी स्टेशनवर उभे राहण्यात मात्र नुकसान आहे.

आता खालचे प्रश्न सोडवा. उत्तरे धड्यातच आहेत. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्यालाही विचारा. पाहू या, आधी कोण सांगतो!

१. तिकिटावर तारीख २० आणि वेळ ०१:१० आहे. घरातून कोणत्या तारखेच्या रात्री निघाल?

२. गाडीची वेळ १९:३० आहे. आपल्या घड्याळात किती वाजले असतील?

३. 'क्वार्टर टु नाइन' म्हणजे किती वाजले?

४. नोटिशीत 'बिफोर टेन्थ जून' लिहिले आहे. १० जूनला पैसे भरले तर चालतील का?

५. चिठ्ठीवर 'बीडी' लिहिले आहे. गोळी दिवसातून किती वेळा घ्याल?